दोनशे चौदा नोंदी

"नावं नकोत मला, ताई. आकडा खरा हाय का, तेवढं सांगा."

मी फोन कानाला धरून खुर्चीत सरळ बसले. कोल्हापूर माझं माहेर, त्यामुळे माणूस आपल्या बाजूचा आहे हे पहिल्याच वाक्याला कळलं.

"कुठला आकडा, काका?"

"ती तांबडी पट्टी न्हवं का, पानावर येती ती. दोनशे चौदा नोंदी आल्यात म्हणालंय. नावं बघायची तर प्रो घ्या म्हणालंय. आता नावं घिऊन काय करू? माणसं आली की तोंडं दिसतीलच. मला आचाऱ्याला सांगायचं हाय, किती पानं धरायची."

ती तांबडी पट्टी मी लिहिली होती.

आठ वर्षांपूर्वीची गोष्ट. पुण्यात बाणेरला आमची कंपनी होती. आम्ही 'ओसरी' नावाचं सॉफ्टवेअर फुकट वाटायचो. दहा मिनिटांत मोबाईलवर आपली वेबसाईट, तीही मराठीत. माणसाला ओसरीवर बसवायचं, पाणी द्यायचं आणि मग उठेपर्यंत माजघराचं भाडं, म्हणजे 'प्रो'चे पैसे, मागत राहायचं, हा आमचा धंदा. मागायचं काम माझ्याकडे. 'तुमची साईट धोक्यात आहे' हे माझं. 'शेजारच्याची साईट तुमच्यापुढे गेली' हेही माझंच. पट्टी बंद करायची फुली आम्ही तिळाएवढी ठेवायचो आणि तिच्याऐवजी दाबायला एक वाक्य द्यायचो: 'नको, माझ्या पानाचं वाटोळं झालं तरी चालेल.' ते वाक्य मला सुचलं तेव्हा ऑफिसात टाळ्या पडल्या होत्या. मराठीत एम. ए. केलं होतं मी, त्याचं असं चीज झालं.

मालकाचं नाव ऋत्विज. वय एकतीस, पायात पांढरे बूट, तोंडात सतत 'कन्व्हर्जन'. फुकट वापरणारा माणूस पैसे भरायला लागला की त्याचं कन्व्हर्जन झालं. तोवर तो 'फुकट्या'. महिन्यातून एक दिवस आम्हा प्रत्येकाला या फुकट्यांचे फोन घ्यावे लागत; त्याला 'युजर डे' म्हणायचे. त्या गुरुवारी माझी पाळी होती.

"कार्यक्रम कसला आहे, काका?" मी विचारलं.

"आमच्या सिस्टरांचा. एस्तेर आवळे सिस्टर. सरकारी दवाखान्यात छत्तीस वर्षं नोकरी केली त्यांनी, आमच्या करंबळवाडीत. मी आप्पासो चौगुले, जीपचा ड्रायव्हर. पाऊस असू दे, चिखल असू दे, बाई अडली म्हटलं की मी गाडी काढायची नि सिस्टरांनी पिशवी उचलायची. हजारावर पोरं झाली त्यांच्या हातनं. आता ऐंशी पुरी व्हायल्यात. लगीन न्हाई, मागं कोण न्हाई. म्हटलं, त्यांच्या हातची पोरं एकदा एका जागी बसलेली त्यांना दावूया."

"छान कल्पना आहे."

"त्या नकोच म्हणत हुत्या. 'आप्पा, कोण येतंय? जन्मताना कोण हुतं हे कुणाच्या ध्यानात ऱ्हातंय?' म्हणाल्या. मी म्हटलं बघाच तुम्ही. पेपरात तुमची जाहिरात बघितली, माझं मीच पान केलं. पत्रकं वाटली. पहिल्या महिन्यात तीन नावं आली. मग फुकट बघायचा महिना संपला, नावं दिसायची बंद झाली नि हा आकडा सुरू झाला. रोज वाढालाय, ताई. सकाळी बघावं तर एक वाढलेला. दुपारी बघावं तर आनि एक." तो हसला. "आज सकाळी सिस्टरांना जाऊन सांगितलं, दोनशे चौदा. नुसत्या चष्मा पुसत बसल्या."

आकडा आम्ही फुगवतो हे मला माहीत होतं. किती आणि कसा, हे मी कधी विचारलं नव्हतं. विचारलं असतं तर लिहिताना हात अडला असता, आणि हात अडून चालत नाही.

"तर खरा हाय न्हवं? पुन्हा घोटाळा नको. दोनशेच्या वर म्हंजे हॉल भरला. गावातल्यांना मग मला 'तुम्ही येऊ नगासा' म्हणून सांगाय लागंल. परगावची आधी बसू देत."

ऋत्विज माझ्या टेबलाशी उभा होता. तो युजर डेला असाच फिरायचा, लग्नात वरमाय फिरते तसा. त्याने भुवया उडवून 'काय?' विचारलं.

"हो काका," मी म्हणाले. "खरा आहे."

"बरं झालं. लई उपकार झाले, ताई. तुमचा नंबर द्या, फोटो पाठवतो."

मी दिला. त्या घटकेला फोन खाली ठेवण्यासाठी मी काहीही दिलं असतं.

जेवणाच्या सुट्टीत मी त्याचं पान आतून उघडून पाहिलं. नोंदी नऊ होत्या. नऊ नावं, नऊ गावं, नऊ जन्मसालं.

मी उठून ऋत्विजच्या काचेच्या खोलीत गेले.

"दोनशे चौदा कुठून आले?"

"कुठले दोनशे चौदा?"

मी सांगितलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं. ऐकून घेणं तो एका शिबिरात शिकून आला होता.

"वृषाली, नोंदी प्लस पान उघडल्याच्या वेळा. पान उघडलं म्हणजे इंटरेस्ट दाखवला. इंटरेस्ट दाखवला म्हणजे ती नोंदच."

"तो दोनशे चौदा माणसांचं जेवण करणार आहे रविवारी."

"पैसे भरून नावं बघायला त्याला कुणी अडवलंय का? सगळं कळलं असतं. यालाच मी फुकट्या म्हणतो. आकडा फुकट मिळाला, तर आकड्यावरच संसार!"

"मी त्याला फोन करून सांगते."

"काय सांगशील? आमची पट्टी खोटी आहे? बारा हजार साईटवर आहे ती. त्याने एकाला सांगितलं की संपलं. पुढच्या महिन्यात गुंतवणूकदार येतायत, हे तुला माहितेय." मग एकदम मवाळ झाला. "आणि खेड्यात कोण फॉर्म भरतं गं? फॉर्म न भरता माणसं येतात. तूच म्हणतेस ना, तुमच्याकडे जेवणावळीला आमंत्रण लागत नाही?"

हे मला पटलं. पटवून घेतलं म्हणा. शुक्रवारी दोनदा नंबर काढला आणि दोनदा ठेवला. शनिवारी कोल्हापूरला आईकडे गेले आणि स्वतःला सांगितलं की माणसं येतील. रविवारी सकाळी बाबांची गाडी घेऊन निघाले. का निघाले हे आज विचाराल तर धड सांगता यायचं नाही. हॉल भरलेला दिसला की सुटले, एवढाच विचार असणार. पर्समध्ये त्या नऊ नावांचा कागद होता.

करंबळवाडीच्या सेवा सोसायटीचा हॉल शोधावा लागला नाही. स्पीकर ऐकू येत होता. साडेबारा वाजले होते. आत भाड्याच्या प्लास्टिकच्या खुर्च्या ओळीनं मांडलेल्या, सगळ्या एका रंगाच्या, आणि पुढच्या दोन ओळींत विखरून बसलेली माणसं. मोजायची गरज नव्हती, तरी मोजली. नऊ.

स्टेजवर एस्तेर सिस्टर बसल्या होत्या. बारीक बांधा, पांढरी सुती साडी, पायात कॅनव्हासचे बूट. मागे फ्लेक्स: 'ज्यांच्या हातात आपण पहिल्यांदा रडलो'. दाराशी भगवा फेटा बांधलेला, पासष्टीच्या पुढचा एक उंच माणूस रस्त्याकडे बघत उभा होता. बाहेर पारावर गावातली पाच-पन्नास माणसं बसली होती. त्यांना येऊ नका म्हणून सांगितलेलं होतं, त्यामुळे ती येत नव्हती. सांगितलेलं पाळणारी माणसं.

"काका, मी वृषाली. पुण्याहून. आपलं फोनवर बोलणं झालं होतं."

त्याचा चेहरा उजळला. "तुम्ही आलासा? एवढ्या लांबनं?" मग पुन्हा रस्त्याकडे बघितलं. "एस्टी उशिरा असंल. दोनशे माणूस म्हंजे येणार कशानं, व्हय का न्हाई?"

"व्हय," मी म्हणाले. दुसऱ्यांदा.

एक वाजला. दीड वाजला. मागच्या बाजूला आचाऱ्यानं मसालेभाताची पातेली उतरवून ठेवली होती. जिलेबीची चार घमेली वर्तमानपत्राखाली झाकली होती. दोनदा तो येऊन "वाढू का?" म्हणून विचारून गेला. चौगुले दारातून हलेना. शेवटी सिस्टरच स्टेजवरून उतरल्या आणि समोर बसलेल्यांत जाऊन बसल्या.

"तू कुणाचा रे?"

"नायकाचा, सिस्टर. मारुती. आईचं नाव गंगूबाई."

"गंगू! उलटा आलास तू. पाय आधी. तुझ्या आईनं माझ्या मनगटाला चावा घेतलेला, हे बघ." त्यांनी घड्याळ सरकवून वण दाखवला. मारुती नाईक चांगला चाळिशीचा गडी, पण लाजला.

"आणि तू?"

"मी मुजावरांची शबाना. निपाणीला दिलीय."

"जीप नाल्यात अडकली होती, ती तू. आप्पानं गाडी ढकलली नि तू गाडीतच झालीस." त्या दाराकडे वळून ओरडल्या, "आप्पा, अरे ही बघ कोण आलीय!"

चौगुले आला नाही. त्याची पाठच दिसत होती. मला ते सहन होईना. मी दाराशी गेले आणि पर्समधला कागद काढला.

"काका, आत या. मला नावं वाचायची आहेत."

मी माईक घेतला आणि एकेक नाव वाचलं. मारुती यशवंत नाईक. "हाय." शबाना सलीम मुजावर. "हाय." रामगोंडा पाटील, सुरेखा कांबळे, दोघं जुळे भाऊ देसाई. एकेक जण उभा राहत गेला. शाळेत हजेरी घ्यावी तसं झालं. नऊ नावं, नऊ 'हाय'. एकाही नावाला मला थांबावं लागलं नाही. माणसांना काय चाललंय ते कळेना, पण त्यांनी टाळ्या वाजवल्या. सिस्टरनीही वाजवल्या.

"बघा काका," मी म्हणाले, "ज्यांनी येतो म्हटलं, ते सगळे आले. एकसुद्धा चुकला नाही."

चौगुले माझ्याकडे बघत राहिला. "नऊ झाली. आता उरलेली दोनशे पाच वाचा."

"उरलेली नाहीतच. नोंदी नऊच होत्या."

"दोनशे चौदा हुत्या. मी बघितलंय. तुम्हीच सांगितलासा खरं हाय म्हणून."

"मी खोटं बोलले. आमची पट्टी खोटी आहे. आकडा वाढवून दाखवतात, लोकांनी पैसे भरावेत म्हणून."

सांगून टाकलं. मला वाटलं होतं तो चिडेल, गचांडी धरील. त्याने फेटा काढला, खुर्चीवर ठेवला आणि माझ्या डोक्यावर हात ठेवला.

"ताई, तुम्ही लई चांगल्या घरच्या हायसा. एवढ्या लांबनं आलासा नि वर माझ्या गावाची लाज राखायला आपल्या कंपनीला खोटं पाडालासा. पण मला कळतंय की. कॉम्प्युटरला खोटं बोलून काय मिळणार? खोटं माणूस बोलतंय." आवाज चढला. "येतो म्हणून नाव दिलं नि आली न्हाईत. सिस्टरांनी रात्रीचा दिवस केला त्यांच्यासाठी. मी ह्या हातानं गाडी ढकलली. आनि ती उरलेली नावं तुमच्याजवळ न्हाईत, कारण तुमची कंपनी पैशाबिगर नावं दावतच न्हाई. हेबी मला ठाऊक हाय."

"आप्पा," सिस्टर म्हणाल्या, "बाळंतपणाला कधी कुणी दोनशे माणसं बोलावतं का? नऊ भरपूर झाली. चल, वाढायला घे. आणि बाहेर बसलेत त्यांना हाक मार."

"त्यांना न्हाई," चौगुले म्हणाला. "ती पानं नाव दिलेल्यांची हाईत. दुसऱ्या कुणाला न्हाई."

सिस्टरनी मला जवळ बोलावलं. "तू माझ्या हातची नव्हेस."

"नाही."

"मग का आलीस?"

मी नावांचा कागद घडी घालून पर्समध्ये ठेवला. त्यांनी माझ्याकडे, पेशंटची जीभ बघावी तसं, नीट बघून घेतलं आणि म्हणाल्या, "जेवून जा." मी जेवून आले. जिलेबीसुद्धा खाल्ली.

सोमवारी ऑफिसात ऋत्विजनं विचारलं, "काय झालं तुझ्या फुकट्याचं?" मी सांगितलं. "म्हणजे तू खरं सांगितलंस आणि त्याने पट्टीवर विश्वास ठेवला?" त्याला हसू आवरेना. पुढे एका सादरीकरणात त्याने हा किस्सा वापरला, गावाचं नाव बदलून. ब्रँडवरचा विश्वास, असा मथळा होता. त्या खोलीत मी बसले होते आणि चहा पीत होते.

दोन महिन्यांनी माझ्या मोबाईलवर फोन आला.

"ताई, आप्पासो चौगुले. पैसे भरलो बगा मी. प्रो घेतलो. म्हटलं नावं कळली की एकेकाच्या दारात जाऊन इचारावं. पर नऊच दिसत्यात. उरलेली काय ह्याच्या वरच्या प्लॅनात असत्यात?"

समोर ऋत्विजच्या खोलीबाहेर त्या दिवसाच्या कन्व्हर्जनची यादी लागलेली होती. चौथं नाव चौगुल्यांचं होतं.

"काका, एक मिनिट थांबा." मी त्याचं पान आतून उघडलं. नऊ नोंदी आणि त्या गुरुवारपर्यंत दोनशे पाच वेळा उघडलेलं पान. ते कुणी उघडलं, हे मी पहिल्यांदाच बघत होते. एकशे ऐंशी वेळा एकाच मोबाईलवरून. सकाळी सात. दुपारी एक. संध्याकाळी सहा. पुन्हा सकाळी सात.

"काका, तुम्ही ते पान रोज उघडत होता का?"

"उघडत हुतो की. सकाळी च्या झाला की बघायचो, दुपारी जेवताना, सांजच्याला. कोण वाढलं का बघाय."

"प्रत्येक वेळी एक वाढलेला दिसायचा?"

"व्हय. दर टायमाला."

"तो तुमचाच होता, काका. तुम्ही उघडलं की आकडा एकानं वाढायचा. त्या दोनशे पाचांत एकशे ऐंशी वेळा तुम्हीच आहात."

पलीकडे कोंबडी ओरडत होती. कुणीतरी बादली आपटली. मी मोबाईल कानाला घट्ट दाबून धरला होता.

"म्हंजे कुणी नाव दिलंच न्हवतं," तो हळूच म्हणाला.

"नऊ जणांनी दिलं. नऊ आले."

"आनि गावातलीबी आली असती. मीच नगं म्हटलं. ताई, दोन महिनं मी काय केलंय तुम्हाला ठाऊक न्हाई. जेवढी पोरं सिस्टरांच्या हातची मला ठाऊक हुती, त्या प्रत्येकाला भर चौकात शिव्या घातल्या. तुझं नाव त्यात हुतं का, बोल म्हटलं. मेव्हण्याच्या पोराच्या मुस्काटात मारली. त्यो म्हणत हुता, मामा, मी नाव दिलंच न्हवतं. मी ऐकलं न्हाई. सिस्टर बोलत न्हाईत माझ्यासंगं. गाव थुकतंय माझ्यावर."

"मी काय करू, काका?"

त्याने लगेच सांगितलं. त्याला विचार करावा लागला नाही. "या रईवारी या. मी गाडी काढतो. सतरा घरं हाईत. मी पाय धरतो एकेकाचं, आनि तुम्ही नुसतं सांगा, आकडा कसा वाढत हुता ते. माझ्या तोंडनं कुणाला पटायचं न्हाई. तुम्ही कंपनीच्या हायसा. येताय न्हवं?"

"येते," मी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मी राजीनामा दिला. ऋत्विजला तोंडावर चार गोष्टी सुनावल्या, त्या कॉरिडॉरपर्यंत ऐकू गेल्या. मित्रमैत्रिणींत त्याचं फार कौतुक झालं. अजून होतं. कुणी विचारलं की मी ती नोकरी कशी लाथाडली ते सांगते, आणि ऐकणारे म्हणतात, धाडस लागतं.

रविवारी मी घरीच होते. दहाच्या सुमारास त्याचा पहिला फोन आला. मग साडेदहाला, मग अकराला. बारानंतर आला नाही. सतरा घरी त्याने एकट्याने काय सांगितलं, आणि ते कुणाला पटलं का, मला माहीत नाही.